एका काडतुसाचा गुन्हा आणि पेटीभर काडतुसांचा हिशेब

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी वर्षातून अनेकदा येते. शहर बदलतं, मजकूर तोच. विमानतळावर प्रवाशाच्या बॅगेत जिवंत काडतूस सापडलं, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी त्याला स्थानिक पोलिसांच्या ताब्यात दिलं, हत्यार कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. बंदूक नाही, पिस्तूल नाही, साथीदार नाहीत. बॅगेच्या अस्तरात किंवा जुन्या पाऊचमध्ये अडकून राहिलेला करंगळीएवढा पितळी तुकडा, आणि "हे माझ्या लक्षातच नव्हतं" असं सांगणारा घामाघूम माणूस. पुढे त्या माणसाचं काय होतं, हे मात्र बातमीत कधी येत नाही.

जे होतं ते असं. काडतूस पंचांसमोर सीलबंद होतं आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. ते खरोखर जिवंत आहे का, हे तपासण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते उडवून बघणं. अहवाल यायला वेळ लागतो. मग हत्यार कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. तोवर पासपोर्टच्या नूतनीकरणात, नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत, व्हिसाच्या अर्जात "आपल्याविरुद्ध फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे का" हा रकाना छळत राहतो. ऐपत असेल तो उच्च न्यायालयात जातो आणि गुन्हा रद्द करून घेतो. ऐपत नसेल तो तारखा मोजतो.

माझं म्हणणं सरळ आहे. दारूगोळ्याबाबत आपला कायदा चुकीच्या टोकाला कडक आहे. विसरलेल्या एका काडतुसावर तो सगळी ताकद लावतो, आणि पेट्या भरून जाणाऱ्या काडतुसांचा हिशेब मात्र अजून कागदी वह्यांवर आणि परस्परविश्वासावर सोडतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५९ च्या हत्यार कायद्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि काडतूसही बाळगता येत नाही. बंदूक आणि काडतूस दोन्ही एकाच वाक्यात, एकाच तोलाचे. कलम २५ च्या पोटकलम १ब मध्ये त्याची शिक्षा आहे. २०१९ पर्यंत ती किमान एक आणि कमाल तीन वर्षं होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन, कमाल पाच वर्षं आणि दंड. सबळ आणि विशेष कारणं नोंदवून न्यायाधीश त्याहून कमी शिक्षा देऊ शकतो, एवढी एक फट ठेवली आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. आणि सापडलेली वस्तू 'प्रतिबंधित' दारूगोळ्यात मोडली, तर आकडे एकदम वर जातात: किमान सात, कमाल चौदा वर्षं. यात संख्येचा उल्लेख कुठेही नाही. एक काडतूस आणि एक हजार काडतुसं यांच्यासाठी कलम तेच, शिक्षेची चौकट तीच.

परवानाधारक यातून सुटतो असंही नाही. परवान्यावर त्याची हद्द लिहिलेली असते, कुठल्या बोअरचं (म्हणजे नळीच्या मापाचं) हत्यार ते लिहिलेलं असतं, एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षभरात किती विकत घ्यायची तेही. राज्यापुरता परवाना असलेला माणूस लग्नाला परराज्यात गेला आणि परतताना त्याच्या बॅगेत ०.३२ इंच मापाचं एक काडतूस निघालं, तर घरच्या कपाटातला परवाना तिथे फारसा कामाला येत नाही.

न्यायालयांनी या कडकपणाला मुरड घातली आहे, पण ती कशी घातली ते पाहण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात म्हटलं की 'बाळगणं' म्हणजे नुसतं अंगावर किंवा घरात असणं नव्हे. ते आपल्याकडे आहे याची जाणीव हवी. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या संदर्भात हीच भूमिका पुन्हा मांडली. विमानतळावरच्या बहुतेक प्रकरणांत बचाव याच तत्त्वावर उभा राहतो. कोणता शहाणा माणूस जाणूनबुजून काडतूस घेऊन क्ष-किरण यंत्रासमोर रांगेत उभा राहील? हे तर्काला धरून आहे.

दुसरी वाट मात्र मला पटत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका परदेशी प्रवाशाच्या प्रकरणात कलम ४५ च्या 'ड' खंडाचा आधार घेतला. ज्यांच्या जोडीचे भाग जवळ नाहीत आणि जे वापरायचा इरादा नाही, असे हत्यारांचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ सुटे भाग त्या खंडात कायद्यातून वगळले आहेत. एकटं काडतूस हा असाच किरकोळ भाग, असं मानून गुन्हा रद्द झाला, आणि पुढे अनेकांनी त्याच निकालाचा दाखला दिला. माणूस सुटला याचं दुःख नाही. पण काडतूस हा कशाचा सुटा भाग? पुंगळी, मागची कॅप, आतली दारू आणि पुढची गोळी हे त्याचे भाग. जोडलेलं काडतूस म्हणजे पुरता दारूगोळा. त्यात भर घालण्यासारखं काही उरत नाही. दयेपोटी व्याख्या ताणली की ती उद्या भलत्याच माणसासाठीही ताणलेलीच राहते. एखाद्या टोळीतल्या दहा पोरांनी एकेक काडतूस खिशात ठेवलं, तर दहाही जण किरकोळ भागवाले ठरायचे का? न्यायाधीशांना अशा कसरती कराव्या लागतात, कारण संसदेने त्यांच्यासाठी मधली पायरीच ठेवलेली नाही. एकतर अजामीनपात्र गुन्हा, नाहीतर काहीच नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

'गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त' हा मथळा मराठी वाचकाला तोंडपाठ असतो. पोलीस कट्टा टेबलावर मांडतात, त्यामागे उभं राहून छायाचित्र काढतात. सगळ्यांचं लक्ष कट्ट्यावर. कट्टा कुठून आला याचं उत्तरही ठरलेलं: सातपुड्यातलं उमर्टी, नाहीतर बिहारातलं मुंगेर. पण शेजारी ठेवलेली ती दोन काडतुसं कुठून आली, हे कोणी फारसं विचारत नाही. वास्तविक तोच प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. कट्टा हा लोहाराच्या हातचा माल आहे. नळी, चाप, स्प्रिंग एवढ्यावर भागतं. काडतुसाचं तसं नाही. पितळेची पुंगळी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मापात ओढावी लागते, कॅपमधलं रसायन नाजूक असतं, धूर न करणारी दारू रासायनिक कारखान्यातच तयार होते. बारा बोअरची वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याचे प्रकार होतात, हे खरं. पण त्यालाही कॅप आणि दारू कुठूनतरी कारखान्यातूनच यावी लागते. म्हणजे देशातला जवळपास प्रत्येक गावठी कट्टा ज्या काडतुसावर चालतो, ते कधीतरी कायदेशीर दारातून बाहेर पडलेलं असतं. बहुतेक कट्टे ०.३१५ किंवा बारा बोअरचे का असतात, याचं कारणही हेच. ती काडतुसं नागरी परवान्यावर मिळतात.

आणि ती दारं मोजकी आहेत. नागरी वापराची काडतुसं देशात प्रामुख्याने सरकारी आयुध कारखान्यांत बनत आली. पुण्याजवळचा खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. तिथल्या काडतुसाच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं असतात, किर्की फॅक्टरीची; किर्की हे खडकीचं इंग्रजी नाव. 'शक्तिमान' नावाची बारा बोअरची काडतुसं पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्यांच्या आणि बँकांच्या रखवालदारांच्या पट्ट्यात खोचलेली दिसली, ती इथलीच. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखाना १९६४ चा, लष्करी रायफलींच्या काडतुसांचा. २०२१ च्या १ ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं आणि हे कारखाने म्युनिशन्स इंडिया या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे गेले. अलीकडे खासगी उत्पादकही आले आहेत. तरीसुद्धा कारखाना, परवानाधारक विक्रेता, परवानाधारक ग्राहक अशी ही साखळी आखूड आहे. लाखो कट्टे शोधत रानोमाळ हिंडण्यापेक्षा हिच्यावर नजर ठेवणं कितीतरी सोपं.

आपण ती ठेवतो का? विक्रेता नोंदवही ठेवतो, ग्राहकाच्या परवान्यावर किती काडतुसं दिली ते लिहून शिक्का मारतो. अधूनमधून तपासणी होते. काही राज्यांत नवीन काडतुसं घेण्याआधी वापरलेल्या रिकाम्या पुंगळ्या दाखवण्याची अट आहे. ती चांगली आहे, पण सगळीकडे नाही. पंचवीस काडतुसं घेऊन पाच सरावात उडवली आणि वीस 'उडवली' असं सांगून विकली, तर उरलेल्या वीस पुंगळ्या मागणारं सहसा कोणी नसतं.

सरकारी शस्त्रागारांची अवस्था यापेक्षा बरी असेल असं समजू नये. २०१० च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरचं काडतूस प्रकरण उघडकीस आलं. दंतेवाड्यात ७६ जवान मारले गेले त्याच महिन्यातली ही गोष्ट. सुरक्षा दलांच्याच साठ्यातली काडतुसं बाहेर काढून विकली जात होती आणि ती नक्षलवाद्यांपर्यंत पोचत होती, असा आरोप होता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये २४ जणांना प्रत्येकी १० वर्षांची शिक्षा झाली; त्यांत केंद्रीय राखीव पोलीस दल, पीएसी (उत्तर प्रदेशचं सशस्त्र पोलीस दल) आणि राज्य पोलिसांतले कर्मचारी बहुसंख्य होते. निकालाला १३ वर्षं लागली. या प्रकरणावर चर्चा किती झाली? विमानतळावरच्या एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याच्या बॅगेत काडतूस सापडलं तर त्याच्या कितीतरी पट होते.

काडतुसांच्या प्रकारांवरून होणारी बंदी हा आणखी एक गमतीचा प्रांत आहे. आपल्याकडे ०.३०३ आणि ९ मिलिमीटर ही मापं सामान्य माणसाला वर्ज्य, कारण ती लष्कराची आणि पोलिसांची. त्यांच्या साठ्यातून गळती झाली तर ती नागरी परवान्याआड लपू नये, हा हेतू. म्हणून नागरिकासाठी ०.३१५ आलं. ०.३०३ आणि ०.३१५ यांच्या गोळीच्या जाडीत इंचाच्या शतांशाचा फरक. परिणामात म्हणावा तर नाहीच. जगात इतरत्र बंदी गोळीच्या आकारावरून येते. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी मऊ टोकाची, शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी बनवली. १८९९ च्या हेग परिषदेत तसल्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली, आणि आज आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या संविधीत आंतरराष्ट्रीय युद्धात त्या वापरणं हा युद्धगुन्हा आहे. तीच पसरणारी गोळी अनेक देशांचे पोलीस मात्र मुद्दाम वापरतात, कारण ती आरपार जाऊन मागच्या बघ्याला लागण्याचा धोका कमी. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात पोकळ टोकाची गोळी घरात ठेवता येते, नेमबाजीच्या मैदानावर नेता येते. विनाकारण खिशात घालून फिरलं तर गुन्हा. आपल्याकडे मऊ टोकाची ०.३१५ ची शिकारी गोळी सरकारी कारखान्यातच बनत आली आणि परवान्यावर मिळते. शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. अस्वलाला, रानडुकराला लोळवण्यासाठी घडवलेली ही गोळी आता नक्की कोणासाठी, हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारायला हरकत नाही.

वाहतुकीच्या नियमांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे गोंधळ आहे पण वाद फारसा नाही. हत्यार कायद्याबरोबर १८८४ च्या स्फोटक कायद्याच्या व्याख्येतही काडतूस येतं. रेल्वेत धोकादायक माल नियमबाह्य नेला तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १६४ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विमानाचे आंतरराष्ट्रीय नियम सर्वांत स्पष्ट आहेत. विमान कंपनीची परवानगी घेऊन, नीट बांधून, फक्त चेक-इन सामानात, माणशी वेष्टनासह पाच किलोपर्यंत लहान हत्यारांची काडतुसं नेता येतात. नवरा-बायकोने मिळून एका पेटीत दहा किलो घालायचे नाहीत. राष्ट्रीय स्पर्धांना जाणारे नेमबाज हे सगळं शिस्तीत पाळतात. खिडकीवरच्या माणसाला नियम माहीत नसला तर विमान चुकवतातही. म्हणजे जाहीर करून नेणाऱ्याची वाट लांबची असली तरी आहे. अडकतो तो ज्याला आपण काही नेतोय हेच ठाऊक नसतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'विसरलो' हे उत्तर एकदा मान्य केलं की प्रत्येक तस्कर विसराळू होईल. आज एक काडतूस चालवून घेतलं तर उद्या एकेक करून शंभर जातील. विमानतळासारख्या जागी ढिलाई नको. यातलं शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे: काडतूस जप्त व्हावं, प्रवास थांबावा, चौकशी व्हावी, नाव नोंदलं जावं. पण फौजदारी खटला हीच एकमेव शिस्त आहे असं समजण्याची आपल्याला सवय लागली आहे. कॅरिबियन समुद्रातल्या टर्क्स आणि कैकोस या ब्रिटिश प्रदेशाने हा प्रयोग टोकापर्यंत करून पाहिला. बेकायदा हत्यारांचा सुळसुळाट झाल्यावर त्यांनी काडतुसासाठीही किमान १२ वर्षांच्या कैदेची तरतूद केली. २०२४ मध्ये बॅगेत सुटी काडतुसं राहिलेले अमेरिकन पर्यटक एकामागून एक पकडले गेले. त्यांतले कुणी टोळीवाले नव्हते; घरी शिकारीला वगैरे नेलेली बॅग सुट्टीला आणलेली माणसं. अखेर न्यायालयांनी वाट काढून त्यांना निलंबित शिक्षा आणि दंडावर सोडलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सभागृहाने कायदा बदलून न्यायाधीशांना अधिक मोकळीक दिली. आपण २०१९ मध्ये किमान शिक्षा दुप्पट केली तेव्हा एकट्यादुकट्या काडतुसाचा वेगळा विचार झाल्याचं त्या कायद्यात तरी कुठे दिसत नाही.

तस्कराची भीती खरी असेल तर निकषही त्याच्यावरच बेतायला हवेत. सोबत हत्यार आहे का, पूर्वी असं घडलं आहे का, काडतूस प्रतिबंधित मापाचं आहे का, लपवण्याची काही तजवीज केली होती का. यातलं काहीच नसेल आणि काडतुसं बोटांवर मोजण्याइतकी असतील, तर जप्ती आणि भरभक्कम दंड पुरे. त्यातही परवानाधारकाला मी सामान्य माणसापेक्षा जास्त दंड लावेन आणि त्याचा परवाना काही काळ निलंबित करेन. ज्याने सरकारकडून विश्वास मागून घेतला, त्याने आपली काडतुसं मोजून ठेवायलाच हवीत. आजच्या व्यवस्थेत नेमकं उलटं होतं: परवाना दाखवू शकणारा लवकर सुटतो, आणि मामाची बॅग मागून आणलेला भाचा अडकतो.

अजून एका जागी कायदा आहे पण त्याचा उपयोग होत नाही. कलम २१ सांगतं की ज्याच्याकडची हत्यारं किंवा दारूगोळा बाळगणं आता कायदेशीर उरलेलं नाही, त्याने विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. परवान्याची मुदत संपली, धारक वारला, की हे लागू होतं. आजोबा जातात, बंदूक रीतसर जमा होते. दोन वर्षांनी माळ्यावरची ट्रंक उघडल्यावर खालच्या घडीत कागदाच्या पुड्यात हिरवट चढलेली सात-आठ काडतुसं निघतात. घरातली माणसं काय करतात? पोलीस ठाण्यात जायची कुणाची छाती होत नाही, कारण "इतके दिवस कुठे होती?" या प्रश्नाला उत्तर नसतं. मग ती विहिरीत जातात, उकिरड्यावर जातात, भंगारवाल्याकडे पितळेच्या भावात जातात. शेवटचा पर्याय सर्वांत वाईट; जिवंत काडतूस भंगारात गेलं की ते हातोडीखाली फुटेल किंवा योग्य गिऱ्हाइकाला सापडेल. स्वतःहून आणून देणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही, नाव लिहून पावती मिळेल, एवढं एक परिपत्रक काढलं तर अशी हजारो काडतुसं सुखरूप परत येतील. त्याला संसदेचीही गरज नाही.

हिशेबाच्या टोकाला मात्र मोठं काम आहे. २०१९ च्या त्याच दुरुस्तीने केंद्र सरकारला उत्पादकापासून खरेदीदारापर्यंत हत्यारं आणि दारूगोळ्याचा माग ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीत स्वतंत्र क्रमांक आहेच. काडतुसांच्या प्रत्येक खोक्यावर तुकडी क्रमांक असतो. हे दोन क्रमांक विक्रीच्या क्षणी एका नोंदीत जोडले गेले, विक्रेत्याने तसं केल्याशिवाय पुढचा माल मिळणार नाही अशी अट घातली आणि पुंगळी परत करण्याचा नियम देशभर एकच केला, तर कट्ट्यासोबत सापडलेल्या दोन काडतुसांचा उलटा प्रवास काढता येईल. औषधाच्या पट्टीवरचा बॅच क्रमांक आपण बघतोच. तुकडी क्रमांक बुडावरही कोरायला हवा, कारण खोकं फेकून दिलं जातं. कारखान्याची अक्षरं तिथे उमटवतातच, त्यात आणखी चार आकडे बसवणं यंत्राला अवघड नाही. खर्च वाढेल, विक्रेते कुरकुर करतील, आणि सर्वांत जास्त विरोध सरकारी शस्त्रागारांतूनच येईल, कारण सरावात किती उडालं याचा हिशेब तिथेही पुंगळ्यांनिशी द्यावा लागेल. सुरुवात तिथूनच करावी.